पंधरा दिवसाला शब्द नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी एरवी शाळेत काय बोलणी खाल्ली तेसुद्धा घरी आल्या आल्या सांगतो. सांगायचं म्हणून दोन-तीनदा तोंड उघडलं होतं. समोर ऐकणारं माणूस होतं, चहा होता, कुणाला घाई नव्हती. आणि मी कांद्याचं बोललो, शाळेच्या गळक्या पत्र्याचं बोललो, उठून आलो. का? — ते सांगायलाच तर बसलोय.

मी कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलंय. बाकीचे शिक्षक तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर येतात नि शाळा सुटली की जातात. गावातच जन्मलेला आणि गावातच राहणारा मास्तर मी एकटा. त्यामुळे कुणाच्या घरी इंग्रजीतला कागद आला की तो माझ्या ओट्यावर येतो. विम्याचं पत्र, बँकेची नोटीस, फवारणीच्या डब्यावरची सूचना, दवाखान्याची चिठ्ठी. मी चष्मा पुसतो, कागद जरा लांब धरतो, वाचतो आणि सांगतो.

आता पहिली गोष्ट कबूल करतो — ती सगळ्यात सोपी आहे, म्हणून पहिली. मला इंग्रजी येत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. पुस्तकातले धडे शिकवायचो, कारण त्यांचा अर्थ गाइडमध्ये असायचा. पण अनोळखी वाक्य समोर आलं की त्यातले ओळखीचे शब्द धरत मी पलीकडे जायचो, ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत जातात तसा. मधलं पाणी किती खोल आहे ते मला कळायचं नाही, आणि समोरच्याला कळायचा तर प्रश्नच नव्हता. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघायचा. 'हे मला येत नाही' एवढं म्हणायची वेळ कितीदा तरी आली. मी म्हटलं नाही. एकदाही नाही.

पण हे ते नाही. हे असं कितीतरी मास्तरांचं असेल.

जमीलाचाची आमच्या समोरच्या घरात राहायची. मणेरीण — बांगड्या भरणारी. नवरा लवकर गेला आणि सलीम अंगावर पीत होता, तेव्हा तिनं बांगड्यांची पेटी उचलली ती चाळीस वर्षं. सोमवारी एका गावचा बाजार, गुरुवारी दुसऱ्या, शनिवारी तिसऱ्या. मधल्या दिवसांत लग्नघरं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घड्याळ कधी घातलं नाही. पण पंचक्रोशीतल्या एखाद्या बाईचा हात तिनं एकदा धरला की माप डोक्यात बसायचं. पाच वर्षांनी माहेरी आलेल्या मुलीला ती बाजारात लांबूनच म्हणायची, "तुझं सव्वादोन हुतं, आता अडीच लागंल." आणि अडीचच लागायचं. कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, कुणाचं पोर कुठल्या बाजाराच्या दिवशी जन्मलं — असले वाद मिटवायला बायका तिच्याकडे यायच्या, आणि ती सांगेल ते शेवटचं असायचं.

माझ्यावर तिचं काय ऋण आहे तेही सांगायला हवं. मी तिसरीत असताना ढ ठरलो होतो. फळ्यावरचं उतरवून घेता यायचं नाही. एकदा आईबरोबर बाजारात गेलो होतो. आई बांगड्या भरत होती आणि चाचीनं मला विचारलं, "समोरच्या नव्या दुकानाच्या पाटीवर काय लिवलंय रं? मला कुठं वाचाया येतंय." मी म्हटलं, कुठली पाटी? तिनं आईचा हात तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "वैनी, पोरगं ढ न्हाई तुमचं. त्याला लांबचं दिसत न्हाई." त्या महिन्यात मला चष्मा आला. पुढं मी मास्तर झालो. तिनं तेव्हा ते ओळखलं नसतं तर मी काय झालो असतो? मला माहीत नाही. बहुतेक आज हे लिहायला बसलो नसतो.

मी मास्तर झालो तेव्हापासून ती मला नावानं हाक मारेनाशी झाली. मास्तर म्हणायची. पण 'तू' ते 'तू'च राहिलं.

आता आठ वर्षांपूर्वीचं. तिचे गुडघे धरायला लागले. सलीम टेम्पो चालवतो. तो तिला नगरला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी आणि औषधाची पिशवी घेऊन ती माझ्या ओट्यावर आली. आधीच तिघेजण आपापले कागद घेऊन बसले होते.

"मास्तर, ह्ये कसं घ्यायचं तेवढं सांग. तिथल्या पोरीनं भराभर सांगितलं. सलीम म्हनतो कागदावर सगळं लिवलंय."

दोन प्रकारच्या गोळ्या होत्या, त्यांचं सरळ होतं. तिसरं औषध म्हणजे भुकटीची पाकिटं — हाडांसाठी, दुधातून घ्यायची. त्याच्यापुढं एक शब्द होता. फोर्टनाइटली. तो मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मधोमध 'नाइट' दिसत होता. नाइट म्हणजे रात्र. शेवटी 'डेली'सारखाच 'ली'. सुरुवातीचा 'फोर्ट' — फोर्ट म्हणजे किल्ला, तो इथं कशाला आलाय ते कळेना. खिशात मोबाईल होता. आत कपाटावर शब्दकोश होता. उठून बघायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट? पण तिघं बघत होते. चाची बघत होती. आणि मास्तर शब्द बघायला आत गेला — हे त्यांनी बघितलेलं मला चालणार नव्हतं.

मी म्हटलं, "ही पुडी रोज रात्री, दुधातून."

"रोज रात्री," ती म्हणाली. तिची ती पद्धतच होती. ऐकलेलं एकदा स्वतः म्हणायचं. मग ते डोक्यातून जायचं नाही.

फोर्टनाइटली म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा.

वाचण्यात चूक झाली. मोठी झाली. पण तरीही — हे ते नाही. नुसती चूक असती तर मी ती केव्हाच कोणाजवळ तरी बोलून मोकळा झालो असतो.

चाचीनं एक रात्र चुकवली नाही. पाकिटं संपली की रिकामं पाकीट घेऊन बाजाराच्या गावातल्या मेडिकलमधून तसलीच आणायची. दोन महिने. आधी तिचं जेवण सुटलं. मग सारखी तहान, सारखं पाणी. मग ओकाऱ्या. आम्ही म्हणायचो उन्हाचं असेल. एका सोमवारी ती बाजाराला निघालीच नाही. सुनेनं, शबानानं, विचारलं तर म्हणाली, "आज सोमवार हाय?" त्या बाईच्या तोंडून हे ऐकलं आणि शबाना रडतच आमच्याकडे आली.

सलीमनं टेम्पो काढला. मागं गादी टाकली. नगरपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती मला ओळखत होती की नाही कोण जाणे. वाटेत दोनदा तिनं माझं मनगट धरून माप घेतल्यासारखं केलं.

दवाखान्यात रक्त तपासलं. तासा-दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. हातात ती जुनी चिठ्ठी आणि शबानानं पिशवीत घालून दिलेली रिकामी पाकिटं. म्हणाले, "रक्तात कॅल्शियम फार वाढलंय. हे औषध पंधरा दिवसांतून एकदा घ्यायचं होतं, स्पष्ट लिहिलंय. रोज घ्यायला कुणी सांगितलं?"

सलीमनं माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही. संशय असता तर एक वेळ मला बळ आलं असतं. इंग्रजीचं काही निघालं की गावातली माणसं माझ्याकडे बघतात, तसंच त्यानं बघितलं.

मी म्हणालो, "मी पंधरा दिवसांनीच सांगितलं होतं. चाचीच विसरली असेल."

किती सहज आलं ते. जुळवावं लागलं नाही, घशात अडकलं नाही. तो शब्द पंधरा दिवसांचा आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि कळल्या कळल्या मी ते आधीपासून माहीत असल्यासारखं बोललो. डॉक्टरांनी मान हलवली. या वयात होतं असं, म्हणाले. यापुढं औषधं त्यांच्या हातात देऊ नका.

थांबा. अजून ते आलेलं नाही.

चाची वाचली. बाटल्यांमागून बाटल्या लागल्या, इंजेक्शनं झाली, आणि आठ-दहा दिवसांत तिचं डोकं ताळ्यावर आलं. किडन्यांची भीती होती, तीही टळली. त्या डॉक्टरांचे, तिला उठवून बसवणाऱ्या त्या नर्सबाईंचे, आणि वर जो कोणी असेल त्याचे मी तेव्हाही मनात आभार मानले, आजही मानतो. माझ्या हातून एक माणूस जायचं राहिलं. हे मी ज्या दिवशी विसरेन त्या दिवशी माझ्यात काही उरलं नाही असं समजा.

घरी आणल्यावर चार दिवसांनी मी तिला बघायला गेलो. दुपारची वेळ होती. ती बाजेवर उशीला टेकून बसली होती. शबाना मागच्या दारी कपडे धूत होती. चाचीनं मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं,

"मास्तर, एक इचारू? तू मला रोज रात्री म्हनला हुतास ना?"

आरोप नव्हता तो. अंधारात पायरी असेल असं वाटून माणूस पाय खाली सोडतं आणि चाचपून बघतं — तसं विचारलं तिनं. तिला माझी चूक काढायची नव्हती. तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की आपलं डोकं जागेवर आहे का. आणि हे तिला सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता. तो तिच्यासमोर बसला होता.

खोलीत आम्ही दोघंच. सलीम नाही, डॉक्टर नाही, ओट्यावरची माणसं नाहीत. मी 'हो' म्हटलं असतं तर ते बाहेर गेलंही नसतं. तिनं जाऊ दिलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही चाची. पंधरा दिवसांतून एकदा म्हटलं होतं मी. तू नीट ऐकलं नसशील."



"मला तर अजून रोज रात्रीच ऐकू येतंय," ती म्हणाली. मग हातानं चादर सारखी केली. "आसंल. माझंच डोकं फिरलं आसंल."

हे ते. हे सांगायला मी बसलो होतो.

त्यानंतर जे झालं ते त्या एका वाक्यानं झालं. सलीमनं तिची पेटी शबानाकडे दिली. रागानं नाही, काळजीनं — अम्मी कुठं वाट चुकली तर, गर्दीत कुठं हरवली तर. तिचे तिन्ही बाजार बंद झाले. ती दारात बसायला लागली. दिवसातून तीनदा वार विचारायची. गॅस बंद केला की पुन्हा जाऊन बघायची. बायका सवयीनं काही विचारायला आल्या तर म्हणायची, "मला नका इचारू बायांनो. माझं काय खरं न्हाई आता." लोकांना ते म्हातारपण वाटलं. मला माहीत होतं ते काय आहे. मी समोरच्याच ओट्यावरून ते बघत होतो.

आणि सलीमनं तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडे आणून दिल्या. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "मास्तर, ह्या तुमच्याकडंच राहू द्या. दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई मला."

आणि मी त्या घेतल्या.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला विचित्र वाटेल. त्यानंतरची सहा वर्षं ती रोज सकाळी रस्ता ओलांडून आमच्याकडे आली. दूध तापत असायचं, मुलं शाळेला निघायच्या आधीची वेळ. ती तळहात पुढं करायची, मी गोळी ठेवायचो — चिठ्ठी बघून, शब्द बघून, पुन्हा बघून. मग ती चहा घ्यायची आणि तासभर बसायची. माझी आई तोवर गेलेली होती. सकाळी कुणी येऊन बसणं, 'झोप झाली का रं' विचारणं — हे मला मिळालं. खोटं बोलून मिळालं, पण मिळालं. त्या सकाळींसाठी मी जितका कृतज्ञ आहे तितका आयुष्यात दुसऱ्या कशासाठी नाही. कृतज्ञ असायचा मला हक्क आहे का? नसेल. पण आहे.

त्या सकाळींमध्येच मी इंग्रजी शिकलो. भीतीनं शिकायला घेतलं होतं. एका वहीत हे असले काळाचे शब्द लिहून काढले आणि पाठ करायला लागलो — पण पाठ होईनात. वर्षातून दोनदा आणि दोन वर्षांतून एकदा, ह्यांचे शब्द तर सख्ख्या जुळ्यांसारखे. बायॲन्युअल, बायेनियल. आज पाठ केले की उद्या उलटे.

"काय पुटपुटतोस रं सकाळधरनं?" तिनं एकदा विचारलं.

मी सांगितलं. तिनं चहाची कपबशी खाली ठेवली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर बाजारातला भाव आला.

"वीकली म्हंजी?"

"आठवड्याला एकदा."

"म्हंजी एक बाजार. फुडं."

"मंथली. महिन्याला."

"चांद. फुडं."

"क्वार्टर्ली. तीन महिन्यांनी."

"फिरोजाबादचा भय्या बांगड्यांचा माल घिऊन येतो तसं. फुडं."

मी म्हटलं, आता अवघड. बायॲन्युअल, वर्षातून दोनदा. ती हसली. "ह्यात काय अवघड? दोन ईदी. एका सालात दोन." आणि बायेनियल? दोन वर्षांतून एकदा? तिनं क्षणभर विचार केला. "आमची सोलापूरची नणंद. बायेनियल बाई हाय ती."

मी इतका हसलो की आतून बायको बाहेर आली. तेव्हापासून ते दोन शब्द माझे कधी उलटे झाले नाहीत. दोन ईदी आणि सोलापूरची नणंद.

बायवीकलीवर मात्र ती अडली. मी तिला सांगितलं की ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत — काही लोक आठवड्यातून दोनदा म्हणतात, काही दोन आठवड्यांतून एकदा. तिला ते पटेचना. "आन मग बोलनारा कुठला म्हनतो ते ऐकनाऱ्याला कसं कळायचं?" मी म्हटलं, कळत नाही. ती म्हणाली, "मग तसला शब्द वापरूच ने मास्तर. सरळ वार सांगावा. सोमवारी ये, गुरुवारी ये. मानसाचं नुकसान न्हाई होत."

मी वहीत बघत राहिलो.

मग तिनंच विचारलं — मोजताना तिच्या लक्षात आलं असणार — "एक बाजार झाला, चांद झाला. मधलं राहिलं की. पंधरा दिवसाला काय म्हनत्यात?"

तो शब्द वहीत होता. सगळ्यात वर होता. मी रोज तो पानाच्या वरच्या कडेला अंगठ्यानं झाकून बाकीचे शब्द वाचायचो.

"पंधरा दिवसाला शब्द नाही," मी म्हणालो.

"कमाल हाय," ती म्हणाली. "एवढे शब्द केले आन पंधरा दिवसाला न्हाई."

का घाबरलो मी? तिला वाचता येत नव्हतं. तो शब्द ऐकून तिला काय कळणार होतं? — पण मला वाटलं, तिनं तो शब्द ऐकला तर 'नाइट' तिलाही ऐकू येईल. सलीमची मुलगी आफरीन घरात गुड नाइट म्हणायची, तो शब्द चाचीला माहीत होता. आणि तिचं डोकं — ते डोकं मला ठाऊक होतं — एका क्षणात सगळं जुळवेल. म्हणून मी इंग्रजीतला एक अख्खा शब्द पुसून टाकला.

बाकीचे शब्द मी शाळेत नेले. फळ्यावर तक्ता केला — बाजार, चांद, माल, दोन ईदी, पाहुणी नणंद. मुलांना एका दिवसात पाठ झालं. तपासणीला आलेले साहेब खूश झाले, ही पद्धत तुमचीच का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. सवय लागली की हेही सोपं जातं.

चाचीची पेटी तिला परत मिळाली, पण त्यातही माझं काही श्रेय नाही. पहिल्या वर्षाच्या शेवटी आमच्या आळीत लग्न निघालं. चुडा भरायला शबाना बसली होती आणि नवरीच्या आत्याला तिनं दिलेल्या बांगड्या हातात जाईनात. चाची कडेला बसली होती. ती उठली, आत्याचा हात धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "डाव्या हाताला अडीच, उजव्याला त्याच्यापरीस एक वर. उजवा हात मोडला हुता हिचा, विहिरीच्या कामावर." आत्या रडायलाच लागली, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. सलीम दारात उभा होता. दुसऱ्या आठवड्यापासून चाची सोमवारच्या बाजाराला जायला लागली, शबानाला सोबत घेऊन. गुरुवार आणि शनिवार काही परत मिळाले नाहीत. गोळ्याही माझ्याकडेच राहिल्या.

त्या लग्नघरात मी होतो. सगळे म्हणत होते, बघा, चाचीला काहीही झालेलं नाही. मी बोलायला ह्याच्यापेक्षा चांगली वेळ कोणती होती? मी जेवणाच्या पंक्तीत वाढायला गेलो.

पुढं आफरीन मोठ्या शाळेत गेली. एका सकाळी चाची गोळी घेऊन झाल्यावर म्हणाली, "मास्तर, पंधरा दिवसाला शब्द हाय म्हनं. आफरीन सांगत हुती. फोर्टनाइटली." तिनं तो सावकाश, तुकडे पाडून म्हटला.

मला वाटलं, आलं. पाच वर्षं चुकवलेलं आलं.

"हो," मी म्हणालो. "आहे. विसरलो होतो मी."

तिनं माझ्याकडे बघितलं. किती वेळ? सांगता येत नाही. मग तिनं पुढं होऊन माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"इसरतं मानूस," ती म्हणाली. "मी न्हाई का इसरले?"

तुमच्या मनात आता येईल की तिला सगळं कळलं होतं आणि तिनं मला मोठ्या मनानं सोडून दिलं. माझ्याही मनात ते येतं. फार बरं वाटतं त्यानं, म्हणून मी ते खरं मानत नाही. मला तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. मला जे दिसलं ते इतकंच — की एका बाईनं, जिचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास मी काढून घेतला होता, तिनं विसरण्याबद्दल माझी समजूत घातली.

मी तेव्हाही बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ती गेली. आजार असा काही नव्हता. सोमवारचा बाजार करून आली, दुसऱ्या दिवशी दुपारी पडली होती ती उठली नाही. तालुक्याच्या टोकापासून बायका आल्या. ओट्यावर, रस्त्यावर, आमच्या अंगणात बसल्या, आणि एकमेकींना आपापली मापं सांगत होत्या, चाचीनं शेवटचं कोणतं भरलं ते.

सलीम अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो — अम्मी शेवटी शेवटी इसरायला लागली हुती, एकदा तर औषधाचा घोटाळा केला तिनं, मरता मरता वाचली; मास्तर हुते म्हनून निभावलं. आफरीनही तेच सांगते. तिनं आजीला दुसरं कसं बघितलंच नाही.

माझा चष्मा, माझी नोकरी, माझ्या सकाळी, मला येतं ते सगळं इंग्रजी — ह्यातलं किती तिचं आहे ते मी तुम्हाला सांगितलं. ते सांगताना मला बरं वाटलं, हेही लपवत नाही. हे लिहून झालं की मी रस्ता ओलांडून सलीमच्या घरी जाणार आहे. आफरीन कॉलेजातून आलेली असेल. दोघांसमोर हे वाचणार आहे. त्यानंतर त्यांनी काय म्हणावं ते त्यांचं.

मी 'रोज रात्री' म्हणालो होतो. तिनं बरोबर ऐकलं होतं. जमीलाचाची काहीही विसरली नव्हती.